भैरीच्या पेटीचं नवं कुलूप

११ जानेवारी, रविवार

आज कौल उजवा पडला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा भैरी, तुझ्या पेटीला विजेवरचं कुलूप बसवायचं म्हणतात, मान्य असंल तर उजवा दे,” आणि त्याचं बोलणं संपायच्या आत देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी खाली आली. इतक्या चटकन मिळालेला कौल मी तरी पाहिला नव्हता. कृष्णाजीकाका म्हणाले, “देवालापन त्या ग्राइंडरचा आवाज सोसला न्हाय वाटतं.”

ग्राइंडरची गोष्ट गेल्या शिमग्याची. पालखीत बसवायची देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, या पेटीत असतात. पेटीच्या कुलपाला तीन चाव्या, तीन मानकऱ्यांकडे. तिन्ही फिरल्याशिवाय झाकण उघडत नाही. एक चावी कृष्णाजीकाकांच्या घरी, दुसरी माझा चुलतभाऊ धर्मा याच्याकडे, तिसरी आमच्याकडे. एकट्याच्या मनात आलं म्हणून देवाची चांदी बाहेर निघू नये, ही जुन्या माणसांची सोय. गेल्या वर्षी धर्माची चावी कुलपातच मोडली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती टिकणार? शेवटी कुलूप कापावं लागलं. तेव्हा मी सहज म्हणालो की ट्रेलरचं स्टिअरिंग फिरवणाऱ्या हाताला देवाची चावी जपून फिरवता यायची नाही. लोक हसले. धर्मा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. त्याला एवढं काय लागलं ते कळत नाही. तो न्हावा शेव्याला कंटेनर ओढतो आणि सुट्टी मिळाली की गावी येतो. आज देवळात होता. आमच्या मध्ये कृष्णाजीकाका बसले होते.

कुलूप मी करायचं ठरलं आहे. माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. पण गेली काही वर्षं मोबाइलवर पाहून पाहून मी त्या छोट्या कंट्रोलर बोर्डांच्या नादाला लागलो आहे. देवळातला दिवेलागणीला आपोआप लागणारा दिवा माझाच. फाल्गुन पंचमीला पेटी उघडायची असते. तीन चाव्यांशिवाय रूपांना हात लावायचा नाही, म्हणून तोवर कुलूप झालं नाही तर पालखी पहिल्यांदाच रूपांशिवाय निघेल, आणि ते माझ्या हौसेमुळे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

हॉटेलात खोलीचं दार उघडतात तशी तीन कार्डं करावी असं मनात होतं. नमुन्याचं कुलूप आणि तयार कार्डं घेऊन बाजारात अल्पेशच्या मोबाइलच्या दुकानात गेलो, कौतुक करून घ्यायला. त्याने कार्ड हातात घेतलं, काउंटरखालच्या यंत्रावर ठेवलं, दुसरं कोरं कार्ड ठेवलं, आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवली.

“ल्यो चांगदेवभाई. आता ओळखा, तुमचं कुठलं आणि माझं कुठलं?”

दोन्ही कार्डांनी माझं कुलूप उघडलं.

“असं कसं रे?”

“बे मिनिटनुं काम छे. तुमच्या देवाची पेटी आता मीपण उघडू शकतो. चौथा मानकरी!” आणि वर तिळगुळाची वडी हातावर ठेवली.

घरी येऊन हिला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं, चांगल्या माणसाने केलं.” खरं आहे.

धर्माच्या घरून तिळगूळ आला. धर्मा आला नाही. आमच्याकडून गेला, मी गेलो नाही.

१९ जानेवारी, सोमवार

नवीन उपाय सापडला आहे. एक सुरक्षा चिप येते, तुरीच्या डाळीएवढी. तिच्या पोटात एक गुपित आकडा भरून ठेवायचा. बोर्डाने तिला दर वेळी नवा प्रश्न विचारायचा. ती तो प्रश्न आणि गुपित एकत्र घोटून उत्तर देते. गुपित मात्र बाहेर येत नाही. आज ऐकलेलं उत्तर उद्या चालत नाही, म्हणून नक्कल करता येत नाही. अल्पेशलाही नाही.

प्रत्येक चावीच्या मुठीत एकेक चिप बसवायची. पार्सल आलं आहे. पण चिप बोलत नाही. वायर तपासल्या, उलटसुलट केल्या, दुसरी चिप लावली. बोर्ड हाका मारतो आणि पलीकडे सगळं सामसूम.

२० जानेवारी, मंगळवार

चिप मेलेली नव्हती, झोपलेली होती. ती कायम झोपते. आधी तिची एक वायर क्षणभर दाबून धरायची, मग सोडून थोडं थांबायचं, आणि मगच विचारायचं. मी उठवत होतो, पण थांबत नव्हतो. उठवल्यावरही सेकंद-सव्वा सेकंदाने ती पुन्हा डोळे मिटते.

कृष्णाजीकाका झोपाळ्यावर असतात तेव्हा अगदी हेच. पायाला हात लावायचा, त्यांना भानावर येऊ द्यायचं, मग काय ते चटकन विचारून घ्यायचं. हे मी हिला सांगितलं. तिने संध्याकाळपर्यंत काकांच्या कानावर घातलं. काकांचा निरोप आला, “चांगदेवाला सांग, मी सेकंदाला झोपत न्हाय. चहा आणला तर दोन मिनिटं जागा ऱ्हातो.”

२२ जानेवारी, गुरुवार. गणेश जयंती

आज तिन्ही चिपा देवापुढे कायमच्या बंद केल्या.

या चिपेत गुपित भरलं, तिच्या सवयी ठरवल्या, की तिला एक शेवटची आज्ञा द्यावी लागते. त्यानंतर तिच्यात काही बदल करता येत नाही. बनवणाऱ्यालाही नाही, मलाही नाही. हे ऐकल्यावर कृष्णाजीकाकांनी ठरवूनच टाकलं, की मग ते काम मुहूर्तावर, देवळात, तिघांसमोर व्हायला हवं. मलाही ते पटलं. आपल्याकडे शब्द देतात तो असाच, परतीची वाट न ठेवता. खरं तर तिन्ही चाव्या पेटीवर एकत्र लावून बघायचं राहिलं होतं. पण मुहूर्त सकाळचाच होता आणि एकेक चावी माझ्या टेबलावर चोख चालत होती.

गुरवाने चाव्यांवर अक्षता टाकल्या. मी लॅपटॉपवर तीनदा बटण दाबलं. धर्मा रजा काढून आला होता. त्याने गुरवाला विचारलं, “याला इचारा, पाणी लागलं तर चालंल का?” मी गुरवाला म्हणालो, “त्याला सांगा, चालणार नाही.” आमच्यामध्ये हातभर अंतर होतं. गुरव म्हणाला, “मी देवाचा निरोप सांगतो, तुमचा फुकट न्हाय सांगायचा.”

१ फेब्रुवारी, रविवार

पेटीला बोर्ड, विजेचा खटका आणि तीन खाचा बसवल्या. माझी चावी लावली, हिरवा दिवा. ती काढून काकांची लावली, हिरवा. धर्माची, हिरवा.

तिन्ही एकदम लावल्या. काही नाही.

पुन्हा एकेक लावली. हिरवा, हिरवा, हिरवा. पुन्हा तिन्ही. काही नाही. दोन लावल्या तरी नाही.

देवळात आठ-दहा माणसं जमली होती. एकजण म्हणाला, “चांगदेव, मानकऱ्यांसारखीच निघाली ही. घरी एकेकाला इचारा, सगळे व्हय म्हनतात. मीटिंगला बसवा!” सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र हिशेब केला. चाव्यांवर अक्षता पडल्या आहेत, चिपा बंद झाल्या आहेत. आता दुसऱ्या आणून बसवायच्या म्हटलं तर गाव म्हणेल, कौल मोडला.

४ फेब्रुवारी, बुधवार

खाऱ्या हवेने खाचांतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर मळी धरली असेल म्हणून सगळ्या खोडरबराने घासल्या. चकाकल्या. फरक नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

तीन चाव्या एकत्र तपासायच्या तर तीन चावीवाले हजर पाहिजेत, कारण कोणी आपली चावी दुसऱ्याच्या घरी सोडायची नाही हा नियम. म्हणून पेटीचं झाकण काढून, रूपं कापडात झाकून गुरवाच्या नजरेखाली ठेवून, ते दुकानात आणलं आणि दोघांना निरोप धाडला. कृष्णाजीकाका आले ते आरामखुर्चीत बसून लगेच झोपले, चावी मुठीत. धर्मा दारातल्या स्टुलावर बसला.

त्याचं बोलणं सगळं हिच्यामार्फत. “वयनी, त्याला सांगा, वायर पातळ हायत.”

ही आतून ओरडली, “तो म्हणतो वायर पातळ आहेत!”

मी म्हणालो, “त्याला सांग, वायर बरोबर आहेत.”

“ते म्हणतात बरोबर आहेत!” मग भाकरी थापता थापता म्हणाली, “माझी भाकरी करपली तर दोघं तीच खाल.”

चावीच्या मुठीत चिप ज्या इवल्या बोर्डावर बसते, त्या तीन बोर्डांवरचे जादा रेझिस्टर एकत्र येऊन घोळ होत असेल असं वाटलं, म्हणून दोन बोर्डांवरचे काढले. फरक नाही. धर्मा जेवून गेला. जाताना म्हणाला, “वयनी, उद्या येतो. नाहीतरी घरी बसून काय करायचं.” घरी त्याची वाडी शिंपायची आहे, हे मला ठाऊक आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

धर्मा आला, काकाही चावी घेऊन आले. चिपेच्या माहितीपत्रकातला नमुना जसाच्या तसा उतरवून पाहिला. नाही. वीज कमी पडते का पाहिलं. नाही. धर्माने घरचे ओले शेंगदाणे आणले होते. हिला म्हणाला, “त्यालापन द्या थोडे.”

गुरवाकडे जाऊन म्हटलं, बिघाड कुठे आहे यासाठी एक कौल लावून बघू या का. तो म्हणाला, “चांगदेव, देव वायरमन न्हाय.”

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज काम केलं नाही. सकाळी पोथीचं एक पान वाचायचा माझा नेम आहे. वाचता वाचता लक्षात आलं, की ओळी सगळ्या वाचल्या आणि डोक्यात फक्त वायरी होत्या. पान परत पहिल्यापासून वाचलं.

भीती कसली वाटते ते आज स्वतःला विचारलं. लोक हसतील याची फारशी नाही. रूपांशिवाय पालखी दारात आली तर म्हाताऱ्या बायका ओवाळायला ताट घेऊन उभ्या राहतील आणि कोणाला ओवाळायचं ते त्यांना कळणार नाही. ते डोळ्यांसमोर येतं.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

ही पहाटेच बायकांबरोबर हरिहरेश्वरला गेली. कृष्णाजीकाकांनी आज चावी गळ्यात बांधून नातवाच्या स्कूटरवर दौरा काढला; दुकानात आले आणि लगेच निजले. थोड्या वेळाने धर्मा आला.

निरोप सांगायला कोणी नव्हतं. काका घोरत होते.

मी झाकणावरच्या वायरी पुन्हा मोजल्या. मग धर्मा भिंतीवरच्या पालीला म्हणाला, “उपासाचं काय हाय का घरात?”

मी पालीला सांगितलं, “रताळी उकडायला ठेवली आहेत.”

थोड्या वेळाने जळका वास आला. धर्मा उठून आत धावला, पातेलं उतरवून घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, पाणी घातलं व्हतंस का?”

“विसरलो.”

“वयनी उगीच गेली न्हाय.”

वरची वरची चांगली रताळी सोलून खाल्ली. आता बोलणं सुरूच झालं होतं तेव्हा ते चालू राहिलं. एक वायर निसटली होती, ती जोडताना माझ्या चष्म्यातून दोन दिसत होत्या. धर्माने चिमट्याने ती धरून ठेवली. केसाएवढी वायर, पण मी डाग देईपर्यंत तसूभर हलली नाही.

“हात हलतो का माझा?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मंग झालं तर.”

मध्येच हे का विचारलं कोण जाणे. पण त्यानंतर तो फारच खुशीत आला आणि बंदरावरच्या गोष्टी सांगू लागला.

“परवा गेटवर काय झालं, पुकारा आला, ‘म्हात्रे, गाडी पुढं घ्या.’ आता आमच्या लायनीत माझ्यासकट चार म्हात्रे. चौघांनीपन गाड्या काढल्या! चारी तोंडं गेटात. माईकवर तो विचारतोय, गाडी नंबर काय, तर चौघं एकदम सांगतात. त्याला एकपन नंबर कळंना.”

“मग?”

“मंग काय? आईमाईवरून उद्धार केला सगळ्या म्हात्र्यांचा.”

मी हसत होतो, आणि हसता हसता थांबलो. खाचा तीन, पण तिन्हींच्या दोन-दोन वायरी मी पुढे एकाच जोडीला बांधल्या आहेत. बोर्ड त्या जोडीवर हाक मारतो. आणि या जातीच्या प्रत्येक चिपेला कारखान्यातून एकच नाव दिलेलं असतं. एकटी असली की ती नीट उत्तर देते. तिघी असल्या की हाक ऐकून तिघीही उठतात, आणि तिघीही एकदम बोलतात.

“धर्मा,” मी म्हणालो, “या तिन्ही म्हात्रे आहेत.”

“चिपा?”

“हो.”

“आपल्यातल्याच निघाल्या की!” तो म्हणाला. काका जागे झाले आणि विचारलं, “कोण आलंय?”

नावं बदलता येत होती, पण ती बंद करण्याच्या आधी. मुहूर्त आधी साधला आणि तपासणी नंतर केली, त्याचं हे फळ.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नावं बदलता येत नाहीत, पण रस्ते वेगळे देता येतात. प्रत्येक खाचेतून दोन वायरी थेट बोर्डाच्या वेगळ्या पायांवर नेल्या. बोर्ड एका रस्त्यावर हाक मारतो तेव्हा बाकीच्या दोघींना ती ऐकूच जात नाही. धर्माने आजचा दिवसही रजा टाकली. फोनवर मालकाला सांगत होता, “देवाचं काम हाय, साहेब, माझ्याशिवाय अडलंय.”

दुपारी काकांना बोलावून तिन्ही चाव्या लावल्या. तिन्ही दिवे हिरवे, आणि खटका सरकला. आतून ही धावत आली, हाताला पीठ. धर्माने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा पडला.

एक गोष्ट राहिली आहे. चिप सेकंदभरात झोपते म्हणून मी बोर्डाला तेवढाच वेळ थांबायला शिकवलं आहे. त्यामुळे तिन्ही चाव्या जवळजवळ एकाच क्षणी आत जाव्या लागतात. एकाने उशीर केला की पुन्हा पहिल्यापासून. बोर्डाने प्रत्येक चावीचं उत्तर दिवसभर लक्षात ठेवलं, तर ज्याने त्याने आपल्या सवडीने येऊन चावी लावली तरी चालेल. प्रोग्रॅमच्या चार ओळींचं काम आहे. गावाला मी मुळात तसंच कबूल केलं होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

त्या चार ओळी लिहिल्या. टेबलावर चालल्या. पेटीच्या बोर्डात अजून घातल्या नाहीत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

धर्माचा फोन. “दादा, रविवारी लोडिंग आलंय. मी शनिवारी रात्री येतो, माझी चावी लावून जातो. तुम्ही सकाळी उघडा. चालंल ना?”

मी म्हणालो, “नाही रे, तसं होत नाही. चिप लगेच झोपते. तिघांचे हात एकदम लागतात.”

तिकडे त्याने ट्रेलरचं इंजिन बंद केलं.

“एकदमच?”

“एकदमच.”

“मंग मी लोडिंग दुसऱ्याला देतो,” तो म्हणाला. कुरकुर नाही, काही नाही.

चिप झोपते हे खरं. बाकीचं खरं नव्हतं. इतकं पटकन तोंडातून कसं निघालं, मलाच कळलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

देवासमोर निरांजन लावलं, पण वर बघवेना. हिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “झोपा आता.”

२२ फेब्रुवारी, रविवार. फाल्गुन पंचमी

देऊळ भरलं होतं. बायका ताटं घेऊन एका बाजूला. ढोलवाले दाराशी. अल्पेशही मुद्दाम दुकान बंद ठेवून आला होता, “चौथ्या मानकऱ्याला जागा द्या” म्हणत.

आम्ही तिघं पेटीपुढे बसलो. मध्ये कृष्णाजीकाका, उजवीकडे मी, डावीकडे धर्मा. पहिल्या खेपेला काकांची चावी खाचेत शिरेपर्यंत माझ्या आणि धर्माच्या चिपा झोपून गेल्या. लाल दिवा. मागे कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या खेपेला काकांनी घाई केली, तर आम्ही मागे राहिलो. लाल. माझा हात खिशाकडे गेला. त्या चार ओळी फोनमध्ये होत्या, फोन खिशात होता, वायर पिशवीत होती. पाच मिनिटांचं काम.

धर्मा म्हणाला, “थांब दादा. काका, हात द्या.” त्याने एका हातात आपली चावी धरली आणि दुसऱ्या हाताने काकांची थरथरणारी मूठ धरली. मला म्हणाला, “गजर झाला की लावायची. गजराला कोन मागं ऱ्हात न्हाय.” मग मान वळवून ओरडला, “भैरीच्या नावानं!”

“चांगभलं!” अख्खं देऊळ गरजलं, आणि तिन्ही चाव्या आत गेल्या.

खट्.

त्यानंतर ढोल सुरू झाले, काही ऐकू येईना. झाकण उचलताना काका रडत होते आणि धर्मा त्यांची मूठ सोडायचं विसरला होता. रूपं गेल्या वर्षी ठेवली तशीच होती, तांबड्या कापडात, शांत. गुरवाने ती उचलून पालखीत लावली. बायका ओवाळायला पुढे आल्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पालखी धर्माच्या अंगणात. तो अजून बंदरावर गेलेला नाही. पानसुपारी झाल्यावर मी त्याला वाडीच्या कडेला घेऊन गेलो. हे सांगितल्याशिवाय मला पोथी उघडता येणार नव्हती.

“धर्मा, मी शुक्रवारी फोनवर खोटं बोललो. एकेक चावी लावायची सोय करता येते. चार ओळी आहेत, लिहून तयार आहेत. तुझं लोडिंग उगीच गेलं.”

त्याने सुपारी चघळता चघळता माझ्याकडे पाहिलं.

“माहीत हाय मला.”

“कसं?”

“वयनीनं शनिवारीच फोन केला व्हता.”

मी चष्मा पुसला. म्हणालो, “मग आज घालून टाकतो त्या ओळी. पुढल्या वर्षी तुझा खोळंबा नको.”

“बघू की. घाई कसली हाय?”

“घाई नाही, पण काम अर्धवट राहिलंय—”

अंगणात ढोल पुन्हा वाजू लागला होता. पालखी उचलली गेली होती आणि नाचवणारी पोरं एका अंगाला कलली होती.

“दादा,” तो धोतर खोचत म्हणाला, “ते कुलूप चांगलं हाय तसं हाय. चल, खांदा दे. उजवी बाजू खाली चाललीय.”

मी खांदा दिला. पुढचा दांडा त्याच्याकडे, मागचा माझ्याकडे. खांदा अजून दुखतो आहे. हिने तेल गरम केलं आहे.